फादर मुचेंजे यांना विनोद जमत नसे

फादर सेवेरिन मुचेंजे यांना काय येत नव्हतं ते विचारा, यादी लवकर संपेल. सहा भाषा येत. लॅटिनमध्ये भांडता येई. गळक्या पत्र्यावर चढून डांबर लावता येई. एकशेवीस प्राध्यापकांना एका दालनात बसवून त्यांचं एकमत घडवता येई. ज्यांनी प्राध्यापक जवळून पाहिलेत त्यांना ही केवढी करामत आहे ते वेगळं सांगायला नको. फक्त गंमत करता येत नसे. गोष्ट सांगायला लागले की आधी तिचा शेवट सांगत, मग सुरुवात, आणि मग ती का हसण्याजोगी आहे याची तीन कारणं.

आता एका जेझुइट धर्मगुरूला, त्यातून विद्यापीठाच्या कुलगुरूला, थट्टा जमली नाही तर कुणाचं काय अडतं? रोममध्ये नसेल अडत. आमच्या शोना मुलखात, मुरेवाकडे, अडतं. कारण मुचेंजे घराण्याचा साह्विरा होता जैरोस कानेंगोनी, धंद्याने शिंपी. मुचेंजे माकडाच्या कुळाचे, कानेंगोनी हत्तीच्या. या दोन घरांत कुणी कुणावर काय उपकार केले ते आता कुणाच्याच लक्षात नाही, पण तेव्हापासून ही दोन्ही घरं एकमेकांची साह्विरा. हत्तीने माकडाला आणि माकडाने हत्तीला काय वाट्टेल ते बोलावं, ताटातलं उचलावं, अंगातला कोट काढून न्यावा. समोरच्याने रागवायचं नाही. रागावला तो हरला, वर दंड भरायचा.

आणि एक काम साह्विऱ्यावाचून दुसऱ्या कुणी करायचं नसतं. घरात माणूस गेलं की रडणाऱ्यांच्या गर्दीत साह्विरा शिरतो, गेलेल्याचे कपडे चढवतो, त्याची चाल चालून दाखवतो, त्याची सगळी उणीदुणी चव्हाट्यावर मांडतो, खड्ड्यात उतरून अडून बसतो. लोक रडतारडता हसायला लागतात. ते हसले की माणूस नीट मार्गी लागला म्हणायचं. हसू न फुटता पुरलेला माणूस म्हणजे ज्याचं कुणीच नव्हतं असा माणूस.

म्हणजे जैरोस आधी गेला तर त्याच्या मयतीला आलेल्यांना हसवायचं काम फादर सेवेरिन यांच्या गळ्यात होतं. जैरोस फादरांहून सहा वर्षांनी मोठा, पुढचे दोन दात पडलेला, आणि दिवसभर तंबाखू ओढणारा. तीही विद्यापीठाच्या वार्तापत्राच्या कागदात गुंडाळून. त्यात कुलगुरूंचं भाषण छापलेलं असतं म्हणून कागद सावकाश जळतो, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

दोघंही एकाच मिशनच्या शाळेतले. जैरोस चौथीतून बाहेर पडला आणि मिशनच्या ओट्यावर शिवणयंत्र घेऊन बसला. सेवेरिन मात्र पहिला नंबर कधी सोडेना. श्टाऊबर नावाच्या म्हाताऱ्या जर्मन फादरांनी त्याला हेरला, आणि एकविसाव्या वर्षी पोरगा जेझुइट व्हायला निघाला. आई रडली. जैरोसने मात्र त्याचा पहिला झगा शिवून दिला, आणि तो घोट्याच्या वीतभर वर आला. जैरोस सगळ्यांचेच कपडे तोकडे शिवायचा. उरलेलं कापड कुठं जातं हे विचारायची सोय नव्हती.

जेझुइट घडायला तेरा-चौदा वर्षं लागतात. दोन वर्षं प्रार्थना, मग तत्त्वज्ञान, मग पोरांना शिकवणं, मग ईश्वरज्ञान, मग आणखी काहीतरी. जैरोस गावात सांगत फिरे, की सेवेरिन नापास होतोय, दर वर्षी त्याच वर्गात बसवतात, पण आईला सांगू नका. आई बिचारी खरंच दर रविवारी पोराच्या परीक्षेसाठी मेणबत्ती लावायची.

शेवटी दीक्षेचा दिवस उजाडला. विधी चालू असताना बिशप विचारतात, हा माणूस या कामाला लायक आहे याची खात्री आहे का? वरिष्ठ फादर म्हणतात, आहे. लोक टाळ्या वाजवतात, विषय संपतो. तर टाळ्या पडायच्या आत मागच्या बाकावरून जैरोस उठला आणि म्हणाला, जरा थांबा, आमची हरकत आहे. या माणसाने माझ्या आजीच्या झाडाचे आंबे चोरले होते आणि अजून कबुली दिलेली नाही. बिशपही शोनाच होते, त्यांना हा काय प्रकार आहे ते कळायला क्षण पुरला. पण कळून उपयोग काय? साह्विऱ्याने वाट अडवली की काहीतरी दिल्याशिवाय तो हटत नाही. बिशपांनी सर्वांसमोर त्याला एक कोंबडी कबूल केली. जैरोस म्हणाला, जिवंत. बिशप म्हणाले, जिवंत. मग विधी पुढे सरकला. वेदीसमोर पालथे पडून राहिलेल्या सेवेरिनचे कान लालबुंद झाले होते, ते दुसऱ्या रांगेतून दिसत होते म्हणतात. आमच्या काळ्या कातडीत कान लाल कसे दिसले ते सांगणाऱ्यालाच विचारा.

पुढे फादर डॉक्टरेटसाठी रोमला गेले. पाच वर्षं राहिले. जैरोसने इकडे बातमी उठवली, की सेवेरिन तिथे भांडी घासतो. घासतो चांगली, पण भांडीच. फादर परत आले तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या एकेक करून त्यांना भेटून गेल्या आणि हळूच म्हणाल्या, कामाची कसली लाज बाळा. फादरांनी प्रत्येकीला प्रबंधाचा विषय समजावून सांगितला. म्हाताऱ्यांना तो ऐकून आणखीनच वाईट वाटलं.

यावर एखाद्याने फर्मास उत्तर दिलं असतं. जैरोसची उलट चार वेळा फजिती केली असती. तसा तर नियमच आहे, दोन्हीकडून चालायला हवं. फादर मात्र नुसते गोरेमोरे व्हायचे आणि दोन दिवसांनी, काहीतरी सुचल्यावर, मुद्दाम वाट वाकडी करून जैरोसच्या ओट्यावर येऊन सांगायचे. जैरोस सुईत दोरा ओवत ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, झालं?

पुस्तक लिहावं, पोरांना शिकवावं, एवढीच फादरांची इच्छा. तेवढ्यात जेझुइटांच्या प्रांतप्रमुखांचं एक पानी पत्र आलं. मिशनच्या चार पत्र्याच्या खोल्यांत विद्यापीठ सुरू करायचंय, तुम्ही करा. जेझुइटाला आलेल्या पत्राला उत्तर एकच असतं. फादर कामाला लागले. सनदेवर सही हवी होती, तर मंत्रालयात कारकुनाच्या टेबलासमोर बाकावर जाऊन बसले. जपमाळ काढली आणि पुटपुटत जप सुरू केला. तिसऱ्या दिवशी दुपारी कारकुनाला स्वतःची पापं आठवायला लागली आणि फाइल हलली. पहिली इमारत बांधली ग्रंथालयाची; वसतिगृह नंतर. पोरं पहिलं वर्ष पुस्तकांच्या कपाटांमागे झोपली. एकदा जेवणावरून संप झाला, रोज मक्याच्या पिठाचा घट्ट साड्झा आणि कोबी, कोबी आणि साड्झा. फादर भोजनगृहात आले. ताट घेऊन पोरांच्या रांगेत उभे राहिले आणि महिनाभर तेच जेवले. एकतिसाव्या दिवशी त्यांनीच संप पुकारायचं बाकी ठेवलं होतं. आठवड्यातून दोनदा शेंगदाण्याची आमटी सुरू झाली.

दहा वर्षांत चार खोल्या होत्या तिथे चौदा इमारती झाल्या. आणि फादर आत आले की माणसं उठून उभी राहायला लागली. फादर बोलले की माना डोलायला लागल्या. हे कुणाला वाईट लागतं? फादरांनाही लागलं नाही. संध्याकाळच्या आत्मपरीक्षणात गर्व हा शब्द यायचा, पण तो घाईघाईत, यादीच्या शेवटाकडे.

फक्त जैरोस उठत नसे. तो अंगणातून थेट भोजनगृहात यायचा, बिशप असोत की राजदूत, फादरांच्या ताटातला कोंबडीच्या पोटातला पेटा बोटांनी उचलून तोंडात टाकायचा. पेटा हा घरच्या कर्त्या माणसाचा मान. जैरोस चावत चावत, पोट पुढे काढून फादरांचीच चाल चालून दाखवत पाहुण्यांना सांगायचा, याच्या पोटात जागा नसते, सगळी डोक्यात गेली.

पहिल्या पदवीदान समारंभाला तर त्याने कहर केला. कुलगुरूंचा गडद तांबडा झगा शिवायचं काम अर्थातच त्याच्याकडे. झगा झाला बेतशीर, चक्क पायघोळ. फादरांना तेव्हाच संशय यायला हवा होता. मिरवणूक निघाली, पुढे मंत्री, मागे रोमहून आलेले बेल्जियन पाहुणे फादर, मध्ये कुलगुरू. दहा पावलं गेली असतील नसतील, मागच्या चुणीतला कच्चा दोरा उसवला आणि त्याच तांबड्या कापडाचं, आत कापूस भरलेलं, हातभर लांब शेपूट खाली लोंबायला लागलं. माकडाचं. टोकाला छानसा गोंडा.

बायकांनी जिभा नाचवून जो काही उलूलू केला म्हणता, डोंगरावरची वानरं पळाली असतील. फादरांना वाटलं, विद्यापीठाचा अभिमान. डोळे पाणावले त्यांचे. मनातल्या मनात त्यांनी देवाकडे नम्रता मागितली. देवाने ती आधीच मागे लावून ठेवली होती. प्राध्यापकांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. शेपटाबद्दल कुलगुरूंना सांगायचं कुणी, याची समिती नेमेपर्यंत समारंभ संपला. बेल्जियन पाहुण्यांनी आपल्या अहवालात लिहिलं, की येथील पदवीवस्त्रांत स्थानिक परंपरेचा सुंदर मिलाफ आढळला.

खोलीत जाऊन फादर खुर्चीवर बसले तेव्हा त्यांना खाली शेपूट बोचलं. तिथल्या तिथे कागद ओढून त्यांनी लिहिलं, की जैरोस कानेंगोनी यांना यापुढे विद्यापीठाच्या आवारात प्रवेश नाही. शिक्का मारला.

साह्विऱ्यावर राग! तोही शिक्का मारून! गावात आजवर असं कुणी केलं नव्हतं. वडीलधाऱ्यांनी फादरांना बोलावून घेतलं, आणि डॉक्टर फादर सेवेरिन मुचेंजे, कुलगुरू, मातीत चटईवर मांडी घालून बसले. दंड ठरला, एक शेळी आणि एक कोंबडी. फादरांनी निमूट भरला. जेवण झाल्यावर सगळे पांगले, हे दोघंच उरले. जैरोस आता नेहमीसारखं काहीतरी बोलेल म्हणून फादर खाली मान घालून बसले होते. पण जैरोस हसत नव्हता.

"शेपूट लावलं म्हणून तू चिडला नाहीस, सेवेरिन," तो म्हणाला. "उलट मला काय लावावं ते तुला सुचत नाही, म्हणून चिडतोस. मला एक सांग, मी मेल्यावर काय करणार आहेस? लोक हसायला जमतील आणि तू तिथे ॲरिस्टॉटल सांगत बसशील. माझी बायको मान खाली घालून बसेल. बेवारश्यासारखं पुरतील रे मला."

फादरांना उत्तर सुचलं नाही. दोन दिवसांनीही नाही.

त्या दिवसापासून त्यांनी ही गोष्ट मनावर घेतली. मनावर घेतली म्हणजे काय, अभ्यासाला लागले. वही आणली. गावोगावच्या मयतींना मागे उभं राहून कुठला साह्विरा काय बोलला, कुठं हशा आला, याच्या नोंदी केल्या. विनोदाचे पाच प्रकार पाडले. मग प्राध्यापकांच्या बैठकीत एकेक करून वापरून पाहायला लागले, आणि काय सांगू, जो तो पोट धरून हसायचा. फादर हुरळले. एकदा मात्र त्यांनी परीक्षेचं वेळापत्रक वाचून दाखवलं, त्यालाही अर्थशास्त्राचे विभागप्रमुख डोळे पुसत हसले. तेव्हा फादरांच्या ध्यानात आलं, की आपल्याला या आवारात खरं सांगणारं कुणी शिल्लक नाही.

एक होती. जैरोसची थोरली मुलगी ओटिलिया ग्रंथालयात मुख्य होती. खरं म्हणजे तिलाही फादरांची टर उडवायचा पूर्ण हक्क, पण ती नोकरी मानणारी बाई. फादर दिसले की गुडघे टेकून, हातांची ओंजळ करून हलक्या टाळ्या वाजवायची, नजर खाली. फादर तिला आपला नवा विनोद ऐकवत. ती शेवटपर्यंत ऐकायची आणि म्हणायची, "हो फादर." एवढंच. त्यावरून फादर वहीत फुली मारायचे. सोळा वर्षांत वहीत एकशे चौऱ्याण्णव फुल्या झाल्या.

आणि मग जैरोसने अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं. फादर रोज दुपारी जायचे. प्रार्थना झाली, कपाळाला पवित्र तेल लावून झालं, की जैरोस म्हणायचा, आता माझ्या मयतीचं ऐकव. फादर वही उघडून वाचायचे. जैरोस डोळे मिटून पडून राहायचा. एके दिवशी फादरांनी त्यातल्या त्यात बरा म्हणून राखून ठेवलेला विनोद सांगितला, आधी शेवट, मग सुरुवात. जैरोसने भिंतीकडे तोंड केलं.

"राहू दे," तो म्हणाला. "मी मरणं जरा पुढे ढकलतो."

ढकललंही त्याने, तीन आठवडे. मग एका मंगळवारी, भर दुपारी, चहाचा पेला हातात असतानाच गेला.

गुरुवारी पुरायचं ठरलं. फादर पोहोचले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल चालले होते, बायका गात होत्या, चुलीवर साड्झाची मोठाली भांडी. चर्चचे तरुण फादर टाफारा पांढरा झगा घालून तयारच होते. त्यांनी अदबीने विचारलं, प्रवचन आपण करणार का? साहजिक होतं, कुलगुरू हजर असताना दुसरं कोण करणार? फादर सेवेरिन नाही म्हणाले. आज मी इथे फादर म्हणून आलेलो नाही. टाफारांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मागे चौदा प्राध्यापक काळे कोट घालून, विद्यापीठाच्या बसमधून उतरून उभे होते. त्यांनीही पाहिलं.

प्रार्थना झाली. पेटी आवारातल्या वारुळापलीकडे, लाल मातीच्या खड्ड्याशी आणली. ढोल थांबले. आता साह्विरा. सगळ्या गावाने मान वळवली. जैरोसची बायको चटईवर बसली होती, पदरासारखं फडकं तिने तोंडावर ओढून घेतलं होतं, आणि ती फडक्याच्या आडून बघत होती.

फादरांनी खिशातून कागद काढला. सात विनोद, निवडक. पहिला वाचला. प्राध्यापक हसले. नेहमीसारखे, एकदम, एका दमात. पण गाव हसेना. आणि गाव हसत नाही म्हटल्यावर प्राध्यापकांचंही हसू हळूहळू विझलं, शेवटी एकटे अर्थशास्त्रवाले राहिले, मग तेही गप्प झाले. फादरांनी दुसरा वाचला. कुणीतरी खोकलं. जैरोसचा धाकटा भाऊ पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला. तिसऱ्याच्या मध्यावर फादर थांबले. त्यांना दिसलं, की जैरोसच्या बायकोने मान खाली घातली होती.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते फादरांना मंत्रालयातही कळलं नव्हतं, ते तिथे कळलं. काय करावं सुचेना म्हणून त्यांनी, निदान रीत तरी पाळावी, या विचाराने पेटीवर ठेवलेला जैरोसचा कोट उचलला आणि अंगात घालायला गेले. जैरोस काटकुळा, फादर चांगले धिप्पाड. एक हात गेला. दुसरा अडकला. कोट पाठीवर टर्रकन फाटला. गर्दीत एक पोरगी फिसकन हसली आणि आईने तिच्या पाठीत धपाटा घातला.

कोटाच्या खिशातून शिंप्याची टेप खाली लोंबत होती. फादरांनी ती ओढून काढली. हातात काहीतरी आलं म्हणून ते वाकले आणि पेटीचं माप घ्यायला लागले. डोकं ते पाय. मग पुन्हा पाय ते डोकं. आणि सुताराकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदाच विचार न करता, बोलले.

"पेटी पूर्ण मापाची केलीस? या माणसाला? कुणाला याने पूर्ण मापाचं शिवून दिलं होतं? काप. वीतभर काप. पाय बाहेर राहू देत."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग एक म्हातारा हो हो करून हसला. त्याची पाटलोण घोट्याच्या वर होती, जैरोसनेच शिवलेली. त्याने पाय वर करून सगळ्यांना दाखवली. शेजारच्याने आपली बाही दाखवली. बघता बघता आख्खं अंगण आपापले तोकडे कपडे दाखवत हसायला लागलं. फादर टाफारांनीही आपल्या झग्याकडे पाहिलं.

मग फादरांना थांबवणं कठीण झालं. जैरोसची नक्कल करायची तर फादरांना एकच जैरोस पाठ होता, फादरांचीच नक्कल करणारा. चाळीस वर्षं डोळ्यांसमोर तीच पाहिलेली. तर ते तसे चालले. पोट पुढे, हात मागे, डोकं एका बाजूला कललेलं, हनुवटी वर. थांबले, घसा खाकरला आणि एका कोंबडीला उद्देशून म्हणाले, "माझ्या मते या प्रश्नाच्या तीन बाजू आहेत." कोंबडी पळाली. ते मागे गेले, दुसरी बाजू सांगायला. चौदा प्राध्यापक आधी गोठले, मग त्यांना राहवलं नाही, आणि या वेळचं हसणं निराळं होतं. अर्थशास्त्रवाले खाली बसले आणि त्यांना बसताबसता उचकी लागली. जैरोसच्या बायकोने फडकं तोंडात कोंबलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

आता पेटी खाली सोडायची म्हणून चौघं पुढे झाले, तर फादर खड्ड्यात उतरले आणि आडवे पडले. हत्ती इथे मावायचा नाही, म्हणाले. मी आधी निजून बघतो.

वर कडेने चहूबाजूंनी चेहरे जमले. सगळे हसत होते. फादर खालून एकेक चेहरा बघत गेले. कुठेही असा हशा उसळला की त्यात एक चेहरा असायचाच, पुढचे दोन दात पडलेला, आणि सवयीने ते तोच शोधत होते. सगळे चेहरे पाहून झाले. पुन्हा एकदा पाहून झाले. आणि मग, खाली, लाल मातीत पडल्यापडल्या, त्यांना ते कळलं. मंगळवारपासून सगळं करून झालं होतं, प्रार्थना, सांत्वन, बस ठरवणं, कागद. कळलं नव्हतं ते आत्ता कळलं.

ते हुंदके देऊन रडायला लागले. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे. आणि लोक आणखीनच हसले. साह्विरा रडतो तो खोटंच रडतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वा फादर, काय हुबेहूब रडतायत, कुणीतरी म्हणालं. फादरांनी उठायचा प्रयत्न केला, तर गुडघे वळेनात. सदुसष्ट वर्षांचे गुडघे, खड्डा खांद्याइतका खोल. ते धडपडले आणि परत बसले. लोकांनी टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात कडेला ओटिलिया आली. बापाच्या जाण्याने तिचे डोळे सुजले होते. ती नेहमीसारखी गुडघे टेकून बसली, वाकली, आणि तिने खाली पाहिलं. एकट्या तिलाच दिसलं, की हे खोटं नाही. आता ही बाई ओंजळीने टाळ्या वाजवून फादरांना विनंती करणार, असंच सगळ्यांना वाटलं. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"ए माकडा," ती म्हणाली. "ऊठ तिथून. ती जागा माझ्या बापाची आहे. सगळ्या विद्यापीठातली मोठी खुर्ची बळकावलीस तरी पोट भरलं नाही होय तुझं?"

अर्थशास्त्रवाल्यांची उचकी थांबली. गालांवरून माती आणि पाणी ओघळत असताना फादर सेवेरिन मुचेंजे यांनी वर पाहिलं. आणि दोन दिवस न घेता, तिथल्या तिथे, उत्तर दिलं.

"हत्तीच्या पोरी," ते म्हणाले, "आधी हात दे. मग भांडू."